साहेबांच्या करारात काय लिहिलंय, ते आम्हालाही वाचू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुलगुरूंसारख्या शिक्षणातल्या वरच्या साहेबांच्या नेमणुकीच्या करारांबद्दल हे पत्र आहे, आणि ते जरा लांबलंय. कापायचं तर कापा, पण स्टॅम्पपेपरचा भाग तेवढा ठेवा, कारण सगळं तिथनंच सुरू झालं. मी एका शिक्षणसंस्थेच्या ऑफिसात बत्तीस वर्षं काढली, ज्युनियर क्लार्क म्हणून चिकटलो आणि हेडक्लार्क म्हणून रिटायर झालो. शाळा, ज्युनियर कॉलेज, सीनियर कॉलेज सगळं एकाच आवारात, त्यामुळे नेमणुकीची ऑर्डर म्हटली की ती माझ्याच टेबलावरनं जायची. आधी टाइपरायटरवर चार कार्बन घालून, मग कॉम्प्युटरवर.

तर आगोटीच्या दिवसात शेजारची मुलगी घरी आली. एमएस्सी झालेली, सेट पास, इथल्याच एका कॉलेजात तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या पैशांवर, शिकवते. बाहेर पाऊस धो धो, अंगावरचा रेनकोट गळतोय, पण हातातला स्टॅम्पपेपर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत नीट गुंडाळलेला. "काका, सही करायच्या आधी एकदा वाचून बघाल का?" म्हणाली. पाचशेचा स्टॅम्प होता. आधी असली हमीपत्रं शंभराच्या स्टॅम्पवर व्हायची, ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात शंभर-दोनशेचे स्टॅम्प बंद झाले, आता कमीत कमी पाचशे. टायपिंग, नोटरी, रिक्षा सगळं धरून हजाराच्या आसपास चुराडा, आणि अजून पहिला तास घ्यायचाय.

चष्मा लावून वाचायला बसलो. सदर नियुक्ती निव्वळ तात्पुरत्या स्वरूपाची आहे याची मला जाणीव आहे. कायम करण्याबाबत मी कोणताही हक्क सांगणार नाही. कोणतेही कारण न देता व पूर्वसूचना न देता माझी सेवा संपुष्ठात आणता येईल.

तिथे थांबलो. 'संपुष्ठात'. त्यात ट च्या जागी ठ आहे, आणि ही चूक माझी आहे. वीसेक वर्षांपूर्वी प्राचार्यांनी सांगितलं म्हणून हा मसुदा मीच टाइप केला होता, तेव्हा घाईत ठ पडला, नंतर तीच फाइल पेनड्राइव्हवरनं एका कॉलेजातनं दुसऱ्या कॉलेजात गेली, तिथनं झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवर गेली, आणि आज ती माझ्या पडवीत परत आली, ठ सकट. खरं सांगतो, लाज वाटली. शुद्धलेखनाची नव्हे, त्या वाक्याची. टाइप करताना कधी वाटलं नव्हतं की हे कुणाच्या तरी पोरीला वाचायला लागणार आहे.

शेजारच्या मुलीची आई, म्हणजे आमच्या वहिनी, मागोमाग भाजलेल्या फणसाच्या आठळ्या घेऊन आली होती, ती सगळं ऐकत बसलेली. तिने विचारलं, "भाऊनू, माका एक सांगा, ह्यो असो कागद वरच्या सायबांका पण लिवन द्यावचो लागता काय?"

प्रश्न साधा होता. बत्तीस वर्षं ऑर्डरी टाइप करून मला उत्तर येईना, म्हणून हे पत्र.

म्हणजे अर्धं उत्तर येतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६, जो १ मार्च २०१७ पासून लागू झाला, त्यात कुलगुरूंच्या कलमात स्पष्ट लिहिलंय की ते आपल्या सेवेच्या कराराच्या अटी-शर्तींना अधीन राहून पाच वर्षं किंवा वयाची ६५ वर्षं, जे आधी होईल तोवर पदावर राहतील, आणि त्यांची फेरनियुक्ती होणार नाही. म्हणजे करार हा शब्द कायद्यातच आहे. पगारही काही गुप्त नाही, सातव्या वेतन आयोगानंतर यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, कुलगुरूंना महिना २,१०,००० रुपये ठरवून दिले, वर विशेष भत्ता ११,२५०. कुलसचिव, परीक्षा मंडळाचे संचालक, वित्त व लेखा अधिकारी ही पदंही मुदतीचीच. कॉलेजच्या प्राचार्याचंसुद्धा यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे तसंच आहे, पाच वर्षं, आणि काम बघून आणखी एकदा पाच. तेव्हा वहिनींना मी म्हटलं की हो, करार त्यांनाही असतो. मग त्या म्हणाल्या, "मगे तेच्यात काय लिवलला असता?" आणि इथे माझी गाडी अडली.

कारण तो कागद मी कधी बघितलेला नाही. आपल्यापैकी कुणी बघितलाय का? पेपरात काय येतं, की अमुक यांची अमुक पदावर नियुक्ती, खाली पुष्पगुच्छाचा फोटो, संपलं. आमच्या ऑफिसात यायच्या त्या आदेशाच्या प्रती. एक पान, फार तर दीड, आणि शेवटी ते लाडकं वाक्य, 'सेवेच्या अटी व शर्ती शासनाने वेळोवेळी विहित केल्याप्रमाणे राहतील'. त्या वेळोवेळी विहित केलेल्या अटी कुठल्या कपाटात असतात ते शोधायला गेलं तर माणूस रिटायर होतो. पाच वर्षांत काय काय करून दाखवायचं, निकाल किती दिवसांत लावायचे, रिकाम्या जागा किती भरायच्या, नाही झालं तर कोण विचारणार, मुदतीआधी सोडून गेले तर घर-गाडी-भत्त्याचं काय, यातलं एक अक्षर कधी आमच्यापर्यंत आलं नाही. कदाचित करारात असेलही, पण असेल तर दाखवायला काय हरकत आहे?

शाळांकडे बघा म्हणजे फरक कळेल. खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा आणि १९८१ ची नियमावली आमच्या टेबलावर कायम उघडी असायची, पानं सुटलेली, दोऱ्याने शिवलेली. त्या नियमावलीत शिक्षकाच्या नेमणूक पत्राचा नमुनाच छापून दिलाय. काय लिहायचं, पगार किती लिहायचा, परिविक्षा किती, सगळं. हेडमास्तरने त्यात आपल्या मनाचा एक शब्द घातला तर नेमणुकांच्या मान्यतेचा कॅम्प लागायचा तेव्हा साहेब लाल पेनने गोल करून परत पाठवायचे. म्हणजे खेड्यातल्या शाळेच्या शिक्षकाचा करार पुस्तकात छापलेला, कुणीही घ्या आणि वाचा. आणि ज्याच्या एका सहीवर असली शेकडो गावं चालतात त्याचा करार कुठे छापलाय ते माहीत नाही.

आता यावर कोण म्हणेल की माहितीचा अधिकार आहे की. आहे ना. २००५ चा कायदा, कलम ४, त्यात तर कुणी मागायच्या आधीच प्रत्येक सरकारी कार्यालयाने अधिकाऱ्यांची कर्तव्यं, अधिकार आणि प्रत्येकाला मिळणारा महिन्याचा मोबदला जाहीर करायचाय. आमच्याकडे त्याला १ ते १७ बाबी म्हणतात. रिटायर झाल्यावर वेळ भरपूर, म्हणून मी काही वेबसाइट उघडून बघितल्या. एका ठिकाणी १ ते १७ बाबींची पीडीएफ सापडली. तिरकी स्कॅन केलेली, पानं उलटीसुलटी, एका पानावर स्टेपलरची पिन दिसतेय, आणि साहेबांच्या नावापुढे जे नाव आहे ते साहेब जाऊन जमाना झाला. शिपायाचा पगार रुपयासकट बरोबर आहे. सगळ्यात वरच्या रकान्यात लिहिलंय 'नियमानुसार'.

पण मी तुम्हाला सांगतो, करार दाखवत नाहीत ही अर्धीच कथा. आपल्या कोकणात खरा त्रास वेगळाच आहे, तो म्हणजे ज्यांचा काही करारच नसतो ते साहेब. प्रभारी. हा शब्द इथल्या शिक्षणखात्यात इतका मुरलाय की नियमित साहेब आले तर लोक दचकतात. एका माणसाकडे आपलं टेबल, शेजारच्या तालुक्याचं टेबल, आणि वर जिल्ह्याच्या कुठल्यातरी योजनेचा अतिरिक्त कार्यभार.

माझंच सांगतो. रिटायर व्हायच्या आधी माझ्या आश्वासित प्रगतीच्या लाभाची, म्हणजे बढती न मिळाल्याबद्दल मिळणाऱ्या वरच्या पगाराची, फाइल अडकली होती. त्यासाठी घाट चढून एका ऑफिसात जायला लागायचं, पहाटेची एसटी पकडून, करूळ घाट बंद असला की फोंड्यातनं, आणि गणपतीच्या तोंडावर गाडीत उभं राहून. चार खेपा झाल्या. चारी वेळा साहेब प्रभारी होते, आणि चारातल्या दोन वेळा तर प्रभारीही वेगवेगळे. पहिले म्हणाले फाइल बघतो. दुसऱ्यांनी फाइल बघितली आणि म्हणाले ही धोरणात्मक बाब आहे, नियमित साहेब आल्यावर ठरवू. आता एका हेडक्लार्कचा बारा वर्षांनंतरचा लाभ ही धोरणात्मक बाब कशी होते हे मला आजतागायत कळलेलं नाही, पण तिथे वाद घालत नाहीत, तिथे चहा पितात. तिसऱ्या खेपेला साहेब दुसऱ्या ऑफिसात होते कारण सोमवार-मंगळवार इथे, बुधवार-गुरुवार तिथे, शुक्रवारी व्हीसी, असा वार लावलेला. ही व्हीसी म्हणजे व्हाइस चॅन्सेलर नव्हे, व्हिडिओ कॉन्फरन्स. चौथ्या खेपेला भेटले. माणूस चांगला होता हो. थकलेला. मला बसवून घेतलं आणि म्हणाले, या खुर्चीचा मला पगार नाही, इथे सही केली आणि उद्या ऑडिटला काही निघालं तर वसुली मात्र माझ्या पेन्शनमधनं. मी त्यांच्या जागी असतो तर मीही सही केली नसती. शेवटी ती फाइल झाली, मी रिटायर झाल्यावर सात महिन्यांनी, नियमित साहेब आले आणि त्यांनी आठवड्यात सही केली. तीच फाइल, तेच कागद.

आणि हे फक्त तालुका-जिल्ह्यापुरतं नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर, ठाणे ही सगळी कॉलेजं मुंबई विद्यापीठाखाली. सप्टेंबर २०२२ ला तिथल्या कुलगुरूंची मुदत संपली आणि पुढचे नियमित कुलगुरू आले जून २०२३ ला. मधले नऊ महिने मुंबईचा कार्यभार कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे. त्याच काळात पुण्याच्या विद्यापीठाचा कार्यभार कुणाकडे, तर आपल्या लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे. तेही वर्षाच्या वर, मे २०२२ पासून. या दोघांबद्दल माझी काही तक्रार नाही, त्यांनी ओझं उचललं. पण मुदत पाच वर्षं आहे हे पहिल्या दिवशीच माहीत असतं ना? कधी संपणार ती तारीख नेमणुकीच्या कागदावर असते ना? आमच्या शाळेतला शिपाई रिटायर व्हायचा असला तर त्याचे पेन्शनचे कागद आम्ही दोन वर्षं आधी काढायला बसायचो. आणि ज्या खुर्चीची संपायची तारीख पाच वर्षं आधीच ठाऊक असते तिच्यावर बसायला नऊ-नऊ महिने माणूस मिळत नाही.

त्यात आणखी एक गोम आहे जी लोकांना फारशी माहीत नाही. प्र-कुलगुरू आणि अधिष्ठाता (डीन) यांची मुदत या कायद्यात कुलगुरूंच्या मुदतीला बांधलेली आहे. कुलगुरू गेले की तेही गेले. म्हणजे घरातला कर्ता गेला की सगळी चूल विझते तसं, एका दिवसात वरची सगळी फळी प्रभारी. मग खालच्या कॉलेजने एखाद्या नव्या तुकडीचा, नव्या विषयाचा, मान्यतेचा प्रस्ताव पाठवला की तिकडनं उत्तर येतं ते मघाचंच, नियमित आल्यावर.

आणि नियमित असले तरी सगळं आलबेल असतं असंही नाही. २०१७ आठवतंय ना. मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका कॉम्प्युटरवर तपासायचं एकदम ठरवलं, निकाल ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत लांबले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी म्हणजे राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरनं काढलं. काढलं ते योग्यच असेल, मी त्यावर बोलत नाही. पण नवी पद्धत आणायच्या आधी किती चाचणी घ्यायची, निकाल किती दिवसांत, हे जर करारात लिहिलेलं असतं आणि तो करार लोकांना वाचायला मिळत असता तर जूनमध्येच कुणीतरी बोट ठेवलं असतं की साहेब, तुम्ही हे लिहून दिलंय. पोरांची वर्षं फुकट जायची वाट बघायला लागली नसती.

इथे माझा एक मित्र, रिटायर्ड प्राध्यापक, तो माझ्याशी भांडतो. म्हणतो की तू क्लार्कच्या नजरेतनं बघतोस, एवढ्या मोठ्या पदावर चांगला माणूस यायचा तर त्याला अभय पाहिजे, त्याच्या डोक्यावर दर महिन्याला टार्गेटची तलवार टांगली तर तो फक्त आकडे भरेल. त्याचं अगदीच चुकतंय असं नाही. मला तर उलट वाटतं की चांगल्या साहेबालाच छापील कराराची जास्त गरज आहे. जिल्ह्याला एखादा खमक्या अधिकारी येतो, बोगस पटसंख्या शोधायला लागतो, आणि आठ-नऊ महिन्यांत त्याची उचलबांगडी होते. बदल्यांचा २००५ चा कायदा म्हणतो सर्वसाधारण मुदत तीन वर्षं. म्हणतो. पण अपवादाचं कलमही त्याच कायद्यात आहे आणि आपल्याकडे अपवादच नांदतो. तेव्हा करार जाहीर असला, त्यात मुदत पक्की असली आणि मुदतीआधी हलवलं तर कारण लेखी आणि जाहीर द्यायचं असं असलं, तर तो त्या अधिकाऱ्याचाही आडोसा आहे. पगारावर माझा डोळा नाही. दोन लाख दहा हजार द्या, जास्त द्या.

माझा भाचा न्यूझीलंडला ऑकलंडात असतो, त्याच्याशी फोनवर हे बोलत होतो. त्याने सांगितलं की तिकडे १९८८ च्या कायद्यापासून सरकारी खात्यांचे सर्वोच्च अधिकारी ठरावीक मुदतीच्या करारावर, एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षं, आणि त्यांचा मालक म्हणजे मंत्री नव्हे, एक वेगळा आयुक्त. त्यांचे पगार दरवर्षी जाहीर होतात. तिकडच्या शिक्षण खात्याला २०११ साली इंग्लंडहून एक बाई आणल्या सचिव म्हणून. २०१२ च्या ऑगस्टमध्ये शिक्षकांच्या पगाराची नवी कॉम्प्युटर सिस्टीम सुरू झाली आणि पगार चुकायला लागले, कुणाला कमी, कुणाला जास्त, कुणाला नाहीच. आमची शालार्थ ही पगाराची ऑनलाइन सिस्टीम सुरुवातीला बंद पडायचं तेव्हाची आठवण झाली, दिवाळी तोंडावर आणि सर्व्हर डाउन. तर तिकडे डिसेंबर २०१२ ला त्या बाईंनी मुदतीच्या कितीतरी आधी राजीनामा दिला, आणि मंत्र्यांशी संबंध ताणले गेले होते हे त्या आयुक्ताने उघड सांगितलं. म्हणजे करारावर माणूस आणला म्हणून सगळं सुरळीत होतं असं तिकडेही नाही. गेल्या तेव्हा का गेल्या ते लोकांना कळलं, एवढंच. आपल्याकडे साहेब गेले की दुसऱ्या दिवशी नवीन बोर्ड लागतो, आणि का गेले ते चहाच्या टपरीवर कळतं, तिथेही तीन वेगवेगळी कारणं.

आता हे करार प्रकरण वरनं आणि खालनं दोन्हीकडनं वाढत चाललंय म्हणून आत्ताच बोललं पाहिजे असं मला वाटतं. दिल्लीत ऑगस्ट २०२४ ला मंत्रालयांतल्या ४५ वरिष्ठ जागांवर बाहेरची माणसं करारावर घ्यायची जाहिरात निघाली आणि तीन दिवसांत मागे घेतली. आपल्या राज्यात सप्टेंबर २०२३ ला नऊ खाजगी एजन्सींकडनं सरकारी मनुष्यबळ घ्यायचा जीआर निघाला, ऑक्टोबरात तो रद्द केला. जानेवारी २०२५ ला यूजीसीने नव्या नियमांचा मसुदा काढला, त्यात कुलगुरू उद्योगातनं किंवा प्रशासनातनंही येऊ शकेल असं होतं, आणि त्याच मसुद्यात करारावरच्या प्राध्यापकांची जी १० टक्क्यांची मर्यादा २०१८ च्या नियमात होती ती उडवलेली. दोन्ही गोष्टी एकाच कागदात. उद्या कंपनीतनं आलेला माणूस कुलगुरू झाला तर त्याचा करार आणखी वेगळा असणार, कंपनीवाले करार वाचल्याशिवाय सही करत नाहीत. वाचणार नाही ते आपण.

खाली तर विचारूच नका. प्राथमिकला नवीन लागलेला शिक्षणसेवक तीन वर्षं १६,००० वर, माध्यमिकला १८,०००, ज्युनियर कॉलेजला २०,०००, आणि हीसुद्धा जानेवारी २०२३ पासूनची वाढ, त्याआधी सहा, आठ आणि नऊ हजार होते. जुलै २०२३ ला जिल्हा परिषदेच्या शाळांत रिटायर झालेले गुरुजी महिना २०,००० वर परत बोलवायचा निर्णय झाला. डीएड-बीएड करून दारात बसलेली पोरं बघतायत आणि पेन्शनवाले गुरुजी परत हजेरीवर. आमच्या गावातले एक गुरुजी मला म्हणाले, मला जायची लाज वाटते रे, पण वाडीतली शाळा बंद पडण्यापेक्षा बरं. काय बोलणार? आणि हे सगळं असून दहावी-बारावीच्या निकालात कोकण बोर्ड दरवर्षी पहिलं. तेव्हा मात्र सगळे प्रभारी साहेब फोटोला हजर.

शेजारच्या मुलीचंच उदाहरण घ्या. यूजीसीच्या २०१८ च्याच नियमात लिहिलंय की कॉन्ट्रॅक्टवरच्या प्राध्यापकाला नियमित सहायक प्राध्यापकाच्या महिन्याच्या एकूण पगारापेक्षा कमी द्यायचं नाही. मी तिला ते दाखवलं तर ती हसली. म्हणाली, "काका, मी कॉन्ट्रॅक्टवर नाहीच, मी तासिकेवर." बघा ही खुबी. हक्काचा विषय निघाला की ती कॉन्ट्रॅक्टवर नाही, आणि हक्क सोडायचा कागद मात्र पाचशेच्या स्टॅम्पवर. दिवाळीच्या सुट्टीचे पैसे नाहीत, मे महिन्याचे नाहीत, पेपर तपासायला, एनएसएसच्या कॅम्पला, नॅकची, म्हणजे कॉलेजच्या दर्जा-तपासणीची, फाइल रंगवायला मात्र ती कॉलेजचीच. नॅकच्या वेळी तर या तासिकावाल्यांनीच रात्री दहा-दहा वाजेपर्यंत बसून फाइली लावल्या, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

तर मी काय केलं ते सांगतो. तिला म्हटलं सही कर, नाहीतर तुझ्या जागी दुसरी बसेल, फक्त न्यायालयात दाद मागणार नाही असं जे शेवटचं कलम आहे ते काढायला सांग, तसलं लिहून घेतलं म्हणून कोर्टाचा दरवाजा बंद होत नसतो पण उगाच कशाला लिहून द्या. तिने विचारलं. ऑफिसातले म्हणाले फॉरमॅट आहे, बदलता येत नाही. फॉरमॅट माझाच, पण ते मी कुणाला सांगू? 'संपुष्टात' तेवढं दुरुस्त करून मिळालं.

आणि वहिनींच्या प्रश्नासाठी मी अर्ज टाकलाय, माहितीच्या अधिकारात. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. आपल्या राज्यात हा अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर बसवायला लागतो, म्हणून तीनदा लिहून काढला. मागितलंय एवढंच की आमच्या भागातली कॉलेजं ज्यांच्या अखत्यारीत येतात त्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या सेवा-कराराची प्रत, सर्व अटी-शर्तींसह. कोण, कुठलं ते इथे लिहीत नाही, उगाच उत्तर यायच्या आधी अडायला नको. तुमच्या वार्ताहरांनीही आपापल्या भागात असे अर्ज टाकून बघावेत, प्रत्येक विद्यापीठाला एक. बातमी होईल की नाही ते तुम्ही ठरवा, उत्तर देतात की 'तिसऱ्या पक्षाची', म्हणजे त्रयस्थ माणसाची, माहिती म्हणून परत पाठवतात तेवढं तरी कळेल.

तीस दिवसांची मुदत आहे, त्यातले अकरा गेले. पोस्टमन आमच्या वाडीत आठवड्यातनं दोनदा येतो, आणि हल्ली माझ्या आधी वहिनीच त्याला विचारतात, "भाऊंचा काय इला काय रे सायबाकडसून?"

आपला,
एक निवृत्त हेडक्लार्क, जि. सिंधुदुर्ग
(नाव पत्रासोबत दिलंय, छापू नये ही विनंती. शेजारच्या मुलीचा तास अजून चालू आहे.)